दूरशिक्षणाने कारागीर घडतो काय?

पेढीवर माल तपासण्यासाठी एक मुलगा हवा होता. चौकशी करत एक तरुण आला, सोबत त्याचे वडीलही होते. मुलाने मोबाइलवरून कापड तपासणीचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पुरा केला होता. प्रमाणपत्र रंगीत होते, गुणही चांगले होते. फी भरण्यासाठी घरातला एक दागिना मोडावा लागला, असे वडील बोलता बोलता सांगून गेले. मी त्याच्यापुढे पॉपलिनचा एक तुकडा आणि धागे मोजायचे भिंग ठेवले. बाजारात या भिंगाला पिक ग्लास म्हणतात. "बेटा, इंचाला किती पिक आहेत ते बघून सांग," असे म्हटले. पिक म्हणजे काय, हे त्याने पुस्तकाच्या भाषेत अगदी बरोबर सांगितले. मात्र भिंग कापडावर कसे ठेवायचे आणि उभा धागा कोणता, आडवा कोणता, हे काही त्याला जमेना. वडील खजील होऊन म्हणाले, "शेठ, यानं एकही धडा चुकवलेला नाही."

वडील खोटे बोलत नव्हते आणि मुलगाही आळशी नव्हता. सहा महिन्यांत त्याला ऐकवले गेले आणि दाखवले गेले, पण त्याच्याकडून काही करवून घेतले गेले नाही. पोहण्याबद्दल कितीही ऐकले तरी पाण्यात उतरल्याशिवाय पोहता येत नाही, ही गोष्ट सर्वांना कळते. तरीही हुनर शिकवणारे अनेक दूरचे वर्ग काठावरच संपतात.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत आयटीआय बंद झाल्या आणि शिकाऊ मुलांचे धडे फोनवर आले. टाळेबंदी संपली, पण फोनवरचे शिक्षण राहिले. आपल्या मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीकडच्या मुलांना दिवसा काम करून रात्री शिकता येते, ही या पद्धतीची मोठी सोय आहे. म्हणून दूरशिक्षण वाईट आहे असे सांगण्याचा हेतू नाही. कोणते दूरशिक्षण हाताला काम देते आणि कोणते फक्त डोळ्यांसमोरून निघून जाते, हा फरक कारखानदाराला, उस्तादाला आणि पालकाला ओळखता यावा, एवढ्यासाठी हा लेख.

टपालाने शिकलेले खाणकामगार

दूरशिक्षणाने कारागीर घडवण्याचा प्रयत्न आजचा नाही. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात कोळशाच्या खाणींत मोठे अपघात होत असत. पुढे तेथे खाणीतल्या मुकादमाला परीक्षा देणे कायद्याने बंधनकारक झाले. काम येणारे पण शाळा न पाहिलेले कामगार अडचणीत आले. स्क्रँटन गावचे थॉमस फॉस्टर हे खाणकामावरचे एक पत्र चालवीत. त्या पत्रात त्यांनी कामगारांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे सदर सुरू केले. त्या सदरातून पुस्तिका निघाल्या आणि १८९१ मध्ये टपालाने चालणारा अभ्यासक्रम उभा राहिला. पुढे त्याचीच 'इंटरनॅशनल करस्पाँडन्स स्कूल्स' ही प्रसिद्ध संस्था झाली. पहिल्या पंधरा वर्षांतच लाखो कामगारांनी तिच्यात नाव घातले.

या संस्थेची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. मोठा ग्रंथ एकदम पाठवायचा नाही, छोटी पुस्तिका पाठवायची. प्रत्येक पुस्तिकेबरोबर प्रश्नपत्रिका असे. कामगार रात्री दिव्याखाली उत्तरे लिही आणि टपालात टाकी. तपासनीस चुका दाखवून ती परत पाठवी. म्हणजे शिकणाऱ्याला प्रत्येक पायरीवर स्वतः काही करावे लागे आणि आपले कुठे चुकले हेही कळे. तरीसुद्धा नाव घालणाऱ्यांपैकी अभ्यासक्रम शेवटपर्यंत नेणारे थोडेच होते. एकट्याने शिकणे अवघड असते, हा धडा त्या काळापासून चालत आलेला आहे आणि आजच्या मोबाइलनेही तो पुसलेला नाही.

इंग्लंडमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि १९७१ पासून विद्यार्थी शिकू लागले. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ते विद्यापीठ पुस्तकांबरोबर प्रयोगाच्या साहित्याची पेटी घरी पाठवीत असे, तीत छोटा सूक्ष्मदर्शकही असे. शिक्षक लांब असला तरी साहित्य विद्यार्थ्याच्या हाताजवळ पाहिजे, हे तत्त्व त्यामागे होते. आपल्याकडेही १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि १९९८ मध्ये हैदराबादला मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ स्थापन झाले. त्यामुळे मराठी आणि उर्दू माध्यमाच्या मुलांना दूरशिक्षणाची दारे उघडली.

करून शिकणे म्हणजे काय

शिक्षणशास्त्रात ज्याला सक्रिय शिक्षण म्हणतात, त्याचा अर्थ साधा आहे. शिकणाऱ्याने ऐकत बसायचे नाही. त्याने आठवायचे, अंदाज बांधायचा, करून बघायचे, चूक शोधायची आणि दुसऱ्याला समजावून सांगायचे.

याचा फायदा मोजून पाहिला गेला आहे. विज्ञान, गणित आणि अभियांत्रिकीच्या वर्गांवरील २२५ अभ्यासांचा एकत्र हिशेब २०१४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. नुसते व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत शंभरातले सुमारे ३४ विद्यार्थी नापास होत होते, तर करून शिकणाऱ्या वर्गांत सुमारे २२. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात २००६ साली केलेल्या प्रयोगात एका गटाने मजकूर पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचून पुस्तक मिटले आणि आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. कारखान्यात उपयोग आठवड्यानंतरच्या ज्ञानाचा असतो, पाच मिनिटांनंतरच्या नव्हे.

आणखी एक प्रयोग कामगारांवरचाच आहे. ब्रिटिश टपाल खात्यातील कर्मचाऱ्यांना टंकलेखनाचा कळफलक शिकवायचा होता. काहींना रोज एक तास शिकवले, तर काहींना रोज दोन-दोन तासांच्या दोन बैठका दिल्या. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे रोज एक तासवाल्यांना कळफलक शिकायला एकूण सुमारे ३५ तास लागले आणि चार तासवाल्यांना सुमारे ५०. दिवस मात्र एक तासवाल्यांना जास्त लागले, आणि गंमत अशी की आपल्या तालमीवर सर्वांत कमी खूश तेच होते.

हा मुद्दा पालकांनी ध्यानात ठेवावा. हार्वर्ड विद्यापीठातही २०१९ मध्ये असेच दिसले. स्वतः प्रश्न सोडवणारे विद्यार्थी प्रत्यक्षात जास्त शिकले, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले. छान बोलणाऱ्या शिक्षकाचे व्याख्यान ऐकले की सगळे समजल्यासारखे वाटते. स्वतः करताना अडखळायला होते आणि काहीच येत नाही असे वाटते. म्हणून मुलगा जेव्हा तक्रार करतो की या वर्गात फार त्रास देतात, तेव्हा वर्ग लगेच सोडू नये. तो त्रास कशाचा आहे ते आधी बघावे.

लांबून करवून घेण्याच्या रीती

आता प्रश्न असा की उस्ताद शहरात आणि शागीर्द गावात असताना हाताला काम द्यायचे कसे? गुरुकिल्ली एकच आहे : ज्याचे उत्तर पुस्तकात सापडत नाही, यंत्राजवळ गेल्यावरच सापडते, असा प्रश्न द्यायचा. यंत्रमागावरची उदाहरणे घेऊन पाहू.

पहिली रीत हिशेबाची. पुस्तकी प्रश्न असा असतो : माग मिनिटाला १४० पिक मारतो आणि कापडात इंचाला ५६ पिक आहेत, तर तासाला कापड किती? मिनिटाला अडीच इंच, तासाला १५० इंच, म्हणजे सुमारे ३.८ मीटर. एवढे केले की मुलगा पास. पण शागीर्दाला पुढे सांगावे, "आता तुझ्या कारखान्यातल्या एका मागाशी तासभर उभा राहा आणि प्रत्यक्षात किती कापड निघाले ते मोज." माग तीनच मीटर देतो. मग बाकीचे ८० सेंटिमीटर गेले कुठे? कांडी बदलण्यात किती वेळा माग थांबला, धागा तुटून किती वेळा थांबला, वीज गेली का, कामगार दुसऱ्या मागावर होता का, याची नोंद मुलगा करतो. तेव्हा गणित, यंत्र आणि नफा-तोटा तिन्ही गोष्टी तो एका तासात शिकतो. शिवाय मालकालाही आपल्या मागाची खरी स्थिती फुकटात कळते.

दुसरी रीत दोष शोधण्याची. ताण्याचे धागे का तुटतात, याची कारणे पाठ करता येतात : कांजी नीट बसलेली नाही, हवा कोरडी आहे, ताण जास्त आहे, फणीची तार खरबरीत झाली आहे. पाठ केलेली यादी मागासमोर उपयोगी पडत नाही. त्याऐवजी शागीर्दाने दिवसभर प्रत्येक तुटलेल्या धाग्याची जागा कागदावर खूण करून मांडावी. एकाच जागी पुन्हा पुन्हा तुटत असेल तर तिथली फणी किंवा हील्डचा डोळा तपासावा. साऱ्या बीमभर विखरून तुटत असतील तर सूत, कांजी किंवा हवा यांकडे बघावे. हा कागद फोनवरून शिक्षकाकडे पाठवला की शिक्षक लांबूनही त्याचा विचार तपासू शकतो.

तिसरी रीत अंदाजाची. व्हिडिओ सलग दाखवू नये. कारागीर पुढचे पाऊल टाकण्याआधी व्हिडिओ थांबवावा आणि मुलाकडून लिहून घ्यावे : आता हा काय करील, आणि का? मग पुढे दाखवावे. अंदाज चुकला तरी फायदाच होतो, कारण स्वतःच्या चुकीचे उत्तर माणूस विसरत नाही.

चौथी रीत नमुन्याची. शिवणकाम शिकणाऱ्याने कॉलरचा आकार आधी वर्तमानपत्राच्या कागदावर कापावा, त्यावर टेप ठेवून फोटो काढावा आणि पाठवावा. टेप ठेवल्याने मापातली चूक लपत नाही. वायरमनचे काम शिकणाऱ्याने जिन्याच्या दिव्याची, म्हणजे खालून आणि वरून दोन्हीकडून लावता येईल अशी जोडणी पुस्तक मिटून कागदावर काढावी, मग लाकडी फळीवर वीज न जोडता बसवावी.

पाचवी रीत दोन शागिर्दांची जोडी लावण्याची. एकाने आज शिकलेले दुसऱ्याला फोनवर पाच मिनिटांत सांगावे. सांगताना जिथे शब्द अडतो, तिथे आपले ज्ञान कच्चे आहे हे त्याचे त्यालाच कळते. एकटेपणामुळे मधेच सोडून देण्याचा जो रोग टपालाच्या काळापासून आहे, त्यावरही ही जोडी औषधासारखी लागू पडते.

दोन भाषांची वही

आपल्या मुलांची एक वेगळी अडचण आहे. शाळा उर्दूची, पुस्तक मराठी किंवा इंग्रजीचे आणि कारखान्यातली बोली तिसरीच. कारखान्यात धोटा म्हणतात, पुस्तक शटल म्हणते. उस्ताद फणी म्हणतो, प्रश्नपत्रिका रीड म्हणते. कांडीला पुस्तकात पर्न म्हणतात. ज्या मुलाचा हात तयार आहे तोदेखील परीक्षेत नापास होतो, कारण ओळखीच्या वस्तूचे परके नाव त्याला कळत नाही. मी स्वतः उर्दू शाळेत शिकलो असल्यामुळे ही अडचण मला ठाऊक आहे. उपाय सोपा आहे. शागीर्दाने वहीचे दोन भाग करावेत. एका बाजूला उस्तादाचा शब्द, दुसऱ्या बाजूला पुस्तकाचा. रोज पाच शब्द लिहावेत आणि आठवड्याने एक बाजू झाकून दुसरी आठवावी. सहा महिन्यांत पुस्तक त्याला परके वाटणार नाही.

उस्तादाची जागा फोन घेत नाही

करून शिकणे म्हणजे मुलाला एकटे सोडणे नव्हे. अगदी नवख्या मुलाला काही न दाखवता "शोधून काढ" म्हटले तर तो फक्त गोंधळतो. आधी एकदा नीट करून दाखवावे, मग अर्धे काम करून उरलेले त्याला करू द्यावे, आणि मग पूर्ण काम सोपवावे. आपले जुने उस्ताद हेच करत आले आहेत. त्यांची एक उणीव मात्र मान्य करावी लागेल. ते करून दाखवत, पण का ते सांगत नसत. दूरशिक्षणाचे पुस्तक का ते सांगते, पण करून घेत नाही. दोघांनी हात मिळवला तर दोघांची उणीव भरून निघते.

काही गोष्टी लांबून शिकवता येतच नाहीत, आणि शिकवूही नयेत. चालू वीजजोडणी, वेल्डिंग, फिरत्या यंत्राजवळचे काम आणि रसायने हाताळणे यांची तालीम जाणकार माणूस शेजारी उभा असतानाच झाली पाहिजे. धाग्याचा ताण बोटांना कळणे, मागाच्या आवाजातला बदल कानाला कळणे, या गोष्टींनाही फोन पुरा पडत नाही. जो वर्ग सांगतो की आम्ही सारे काही मोबाइलवर शिकवतो, त्याच्यापासून सावध राहावे.

कारखानदाराने काय करावे

शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. त्यात कामावरची तालीम आणि तिच्याशी संबंधित पुस्तकी शिक्षण या दोन्ही गोष्टींचा विचार केलेला आहे. २०१९ मध्ये नियम बदलले, तेव्हा ३० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना कामगारसंख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले. चार कामगारांच्या छोट्या कारखान्यालाही स्वेच्छेने उमेदवार घेण्याची मुभा मिळाली. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकारने देण्याची तरतूद झाली. करार करण्यापूर्वी चालू दर आयटीआयमध्ये विचारून घ्यावेत. आपल्यातले अनेक छोटे कारखानदार कागदपत्राला घाबरून या योजनेकडे फिरकत नाहीत आणि मुलाला नोंदणीविना ठेवतात. त्यामुळे मालकाची मदत बुडते आणि दहा वर्षे काम करूनही मुलाकडे हुनराचा दाखला राहत नाही.

सरकारच्या 'भारत स्किल्स' या संकेतस्थळावर आयटीआयच्या व्यवसायांचे अभ्यासक्रम, प्रश्नसंच आणि व्हिडिओ मिळतात. ते मुलाला नुसते बघायला सांगून काही होणार नाही. कारखानदाराने रोज अर्धा तास द्यावा, एक बंद माग किंवा जुने यंत्र शिकण्यासाठी मोकळे ठेवावे आणि आठवड्यातून एकदा मुलाची वही बघावी. खर्च एवढाच आहे. कापडाचा एक ताका खराब निघाला तर व्यापारी किती कापतो, हे कारखानदाराला मी सांगायला नको. शिकलेला हात असे दोन ताके वाचवील, तर वर्षभराच्या अर्ध्या तासांची भरपाई होऊन जाईल.

फी भरण्यापूर्वी

पालकांनी कोणत्याही दूरच्या वर्गाला पैसे देण्याआधी पुढील प्रश्न विचारावेत.

१. आठवड्याला मुलाने स्वतः काय करून पाठवायचे आहे?
२. पाठवलेले काम माणूस तपासतो का, आणि चूक किती दिवसांत कळवतो?
३. प्रत्यक्ष हातकाम कुठे आणि किती दिवस आहे?
४. परीक्षा नुसती खुणा करण्याची आहे की काम करून दाखवण्याची?
५. प्रमाणपत्र कोणाचे आहे आणि सरकारी यादीत त्याची नोंद आहे का?
६. मुलगा मागे पडला तर त्याची चौकशी कोण करतो?

पहिल्या तीन प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली नाहीत, तर पैसे खिशातच ठेवावेत.

त्या तरुणाला मी परत पाठवले नाही. त्याची पुस्तकी तयारी वाया गेलेली नव्हती, फक्त तिला हात जोडायचे राहिले होते. रोज सकाळी पाच तुकडे आणि भिंग त्याच्यापुढे ठेवायचे, आधी नुसत्या नजरेने पिकांचा अंदाज लिहायला लावायचा, मग मोजायला लावायचे, असा क्रम ठेवला. पहिल्या आठवड्यात अंदाज दहा-पंधराने चुकत असे. तीन महिन्यांनी दोन-तीनच्या पलीकडे जाईना. व्हिडिओत पाहिलेले आता आठवते, असे तोच म्हणाला. सहा महिन्यांच्या फीमध्ये त्या घराने जे विकत घ्यायला पैसे मोजले होते, ते हेच होते. ते त्यांना वर्गातच मिळायला हवे होते.